ड्रायव्हर सापडला नाही

आष्टीच्या बाजारामागच्या गल्लीत कडूबा सोळुंके विमान उडवतात. जेवण झालं की जुना खाकी शर्ट चढवतात, तंबाखूची डबी टेबलावर डाव्या हाताला ठेवतात आणि खुर्ची पुढे ओढून बसतात. टेबलावर संगणक आहे. त्याच्या पडद्यावर कधी हिमालय असतो, कधी दुबई. नंदाबाई मागे धान्य निवडत असतात. नवरा आत्ता कोणत्या देशावर आहे, हे त्या विचारत नाहीत. भाजीला काय आणायचं, एवढंच विचारतात.

कडूबांनी सगळी नोकरी परतूर आगारात एसटी चालवण्यात काढली. निवृत्त झाल्यावर ते टीव्ही पाहतानाही उजव्या पायाने ब्रेक दाबायचे. पलंगाच्या त्या बाजूची फरशी शेवटी हलायला लागली. पुण्याला नोकरी करणाऱ्या कल्याणने, त्यांच्या मुलाने, हे पाहिलं आणि आपला जुना संगणक घरी आणून ठेवला. त्यात विमान उडवण्याचं सॉफ्टवेअर टाकलं, वडिलांसाठी भाषा मराठी केली आणि तीन वस्तू जोडून दिल्या: अर्ध्या स्टिअरिंगसारखं दिसणारं सुकाणू, वेग वाढवायची दांडी आणि पायाखालची पेडलं. तिन्हींच्या तारा टेबलाखाली, टेबलाच्या पायाला चिकटवलेल्या एका डबीत जातात आणि तिथून एकच तार संगणकात. कल्याण त्या डबीला हब म्हणतो. घरात विजेचा वाढीव बोर्ड असतो, तसाच हा तारांचा.

पहिल्या दिवशी कडूबांनी हॉर्न कुठे आहे ते विचारलं. विमानाला हॉर्न नसतो हे कळल्यावर त्यांचा चेहरा पडला. पण तासाभरात त्यांनी विमान उचललं आणि संध्याकाळपर्यंत सात-आठ वेळा आपटलं. आता ते क्वचितच आपटतात. खऱ्या विमानात ते एकदाही बसलेले नाहीत. "बसून काय करू? चालवायला थोडंच देणार हायेत?" असं ते म्हणतात.

यंदा त्यांच्या या छंदाला पहिल्यांदाच काम लागलं. भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या अकबरबी उमऱ्याला, म्हणजे मक्केच्या यात्रेला, निघाल्या होत्या. संध्याकाळी गाडीने संभाजीनगर, तिथून सकाळी मुंबईचं विमान आणि पुढे जेद्दा. मुलगा लतीफ सोबत जाणार होता. बॅगा बांधून दारात ठेवल्या होत्या.

यात्रेला निघणारा माणूस घरोघर जाऊन बोलल्याचालल्याची माफी मागतो. तशा अकबरबी सकाळी सोळुंक्यांकडे आल्या. त्यांना खुर्ची चालत नाही. टेबलाशेजारी जमिनीवरच बसल्या.

"कडूबा, कहा-सुना माफ कर रे," त्या म्हणाल्या. "तू फाट्यावर गाडी न्हाई थांबवली, तवा मी तुला लई वाईट बोलले."

"कवा बोलल्या? मला तर ऐकू न्हाई आलं."

"कसं येईल? तू गाडी थांबवलीच न्हाई."

नंदाबाई हसल्या. अकबरबीही हसल्या आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला. मग खरं बाहेर आलं. यात्रेची ओढ होती. विमानाची भीती त्याहून मोठी होती. जमीन सोडून जाणाऱ्या वस्तूत आपण बसणार नाही, असं त्यांनी रात्रीच मनाशी ठरवलं होतं. लतीफला सांगायचं तेवढं राहिलं होतं.

"खाला, तुम्ही दुपारची नमाज करून या," कडूबा म्हणाले. "मी तुम्हाला उडवून आणतो. कसं उडतं, कसं उतरतं, बराबर बघा. मंग ठरवा."

"तू उडवशील?"

"रोज उडवून राह्यलो ना."

अकबरबींनी विचार केला. "उडवून उतरवलं तर जाईन. न्हाई तर लतीफ जाईल एकटा." इतकं सौदा केल्यासारखं बोलून त्यांनी संगणकाकडे पाहिलं. कडूबा तेवढ्यात दूध आणायला गेले. नंदाबाई चहाचं आधण ठेवायला आत गेल्या.

दुपारी कडूबांनी खाकी शर्ट चढवला, संगणक लावला आणि सुकाणू ओढलं. पडद्यावरचं विमान धावपट्टीवर ढिम्म उभं होतं. दांडी पुढे ढकलली. काही नाही. पेडल दाबलं. काही नाही. सॉफ्टवेअरने एका ओळीत कळवलं की कोणतंही नियंत्रक उपकरण जोडलेलं नाही. कडूबांच्या हातात सुकाणू होतं, पायाखाली पेडलं होती, आणि संगणक म्हणत होता की यातलं काहीच नाही.

त्यांनी संगणकामागची तार काढून लावली. दुसऱ्या खाचेत लावली. खाचेत फुंकर मारली. मग त्यांची नजर सुकाणूवरच्या कुंकवाच्या बोटांवर गेली.

"हे तुझं काम हाय," ते नंदाबाईंना म्हणाले. "खंडेनवमीला कुंकू लावलंस. आत गेलं असंल."

"एसटीला तीस वर्षं लावलं. ती कवा बंद पडली का?"

"ती रोज बंद पडायची."

"पण कुंकवामुळं न्हाई!"

तरी नंदाबाईंनी कापसाच्या बोळ्याने सुकाणू पुसून काढलं. काही फरक पडला नाही. कडूबांनी टेबलाखाली हात घालून हब चाचपला. तिन्ही तारा घट्ट होत्या. बोटाला फडकं लागलं, पण त्यात नवल काही नव्हतं. या घरात मिक्सर, रिमोट, गॅसची टाकी, सगळ्यांना नंदाबाईंची फडकी असतात. त्यांनी हात बाहेर काढला आणि पुण्याला फोन लावला.

कल्याण कामावर होता. हळू आवाजात तो एकेक सांगत गेला. संगणक बंद करून चालू करा. केला. उपकरणांच्या यादीत सुकाणू दिसतंय का? यादी कोरी होती. मग जुनी नोंद काढून टाका आणि संगणकाला ड्रायव्हर नव्याने शोधायला सांगा. ड्रायव्हर म्हणजे उपकरणाची भाषा संगणकाला समजावणारा छोटा प्रोग्राम, हे कल्याणने सांगितलं. पण तोवर कडूबांनी बटण दाबलं होतं. पडद्यावर गोल फिरत राहिलं आणि नेमक्या त्याच वेळी अकबरबी आणि लतीफ दारातून आत आले. लतीफ शिकलेला, चष्मा लावणारा. त्याने पडद्यावरची ओळ मोठ्याने वाचली.

"ड्रायव्हर सापडला नाही."



"इथं बसलोय ना मी!" कडूबा संगणकावर ओरडले. "परतूर आगारात विचार!"

नंदाबाई तोंडावर पदर घेऊन भिंतीला टेकल्या. फोनवर कल्याण कुणाला तरी "सॉरी, सॉरी" म्हणत होता. त्याला हसू आवरत नव्हतं. लतीफने चष्मा काढून डोळे पुसले. एकट्या अकबरबी हसल्या नाहीत.

"डिरायवरच न्हाई?" त्या म्हणाल्या. "लतीफ, बॅग उघड. माझे कपडे काढ."

"अम्मी, तो ड्रायव्हर वेगळा."

"विमानात दोन-दोन डिरायवर असतात म्हणतोस. इथं एक सापडंना."

कडूबा खुर्चीवरून उठले आणि गुडघ्यावर बसले. मग पोटावर झोपले. मोबाइलचा उजेड टेबलाखाली टाकला. हबवर जे फडकं होतं, ते नंदाबाईंचं नव्हतं. हिरव्या रेशमी कापडाची पट्टी होती, घट्ट गुंडाळलेली, वर तीन गाठी. पट्टीत काहीतरी गोल, कडक होतं.

"हे कुणी बांधलं?"

"मी," अकबरबी म्हणाल्या. "इमाम जामिन हाय."

प्रवासाला निघणाऱ्याच्या दंडाला नाणं कापडात गुंडाळून बांधतात, तो इमाम जामिन. माणूस सुखरूप पोचावा म्हणून. सकाळी कडूबा दुधाला गेले, तेव्हा अकबरबींनी विचार केला की आपण ज्यात बसणार, त्यालाही एक बांधलेला बरा. विमानाचा दंड कुठे, हे त्यांना ठाऊक नव्हतं. पण जमिनीवर बसलेल्या माणसाला टेबलाखालचं सगळं समोर दिसतं. सगळ्या तारा जिथे एकत्र येतात, तोच दंड असणार, असं त्यांनी धरलं.

हबच्या बाजूला एक बटण आहे, बोटाच्या पेराएवढं. कल्याणने ते एकदा चालू केलं होतं. त्यानंतर कुणी हात लावला नव्हता. इमाम जामिनातलं नाणं बरोबर त्या बटणावर दाबून बसलं होतं आणि बटण बंद झालं होतं. विझलेला दिवा हिरव्या कापडाखाली झाकला गेला होता.

"सापडलं!" कडूबांनी आनंदाने गाठीला हात घातला.

"खबरदार!" अकबरबी ओरडल्या. "मंजिलवर पोचल्याशिवाय गाठ सोडत न्हाईत. मंग त्या माणसाचं काय होतं, माहीत हाय का?"

"अम्मी, हे खोटं विमान हाय," लतीफ म्हणाला.

"मग माझी भीती पण खोटी हाय का?"

गाठ सोडली तर अपशकुन, म्हणजे जाणं रद्द. गाठ ठेवली तर विमान उडणार नाही, म्हणजेही जाणं रद्द. फोनवर कल्याणने विचारलं की नेमकं काय चाललंय. कडूबा टेबलाखालूनच म्हणाले, "गाडी चालू व्हायला गाठ सोडावी लागती, आणि गाठ सोडायला गाडी पोचावी लागती." कल्याणने थोडा वेळ विचार केला आणि नंतर फोन करतो म्हणून ठेवून दिला.

नंदाबाई एव्हाना हसण्यातून सावरल्या होत्या. त्यांनी पदर खोचला.

"सोडायची न्हाई ना, खाला? फिरवली तर चालती का?"

अकबरबींनी वाकून गाठींकडे पाहिलं. हा मसला त्यांच्यापुढे कधी आला नव्हता. "फिरवायला कुणी मना केलं न्हाई," त्या शेवटी म्हणाल्या.

नंदाबाई नवऱ्याला बाजूला सारून टेबलाखाली शिरल्या. मनगटावरची घट्ट बांगडी फिरवतात, तशी त्यांनी पट्टी अंगठ्याने रेटत रेटत सरकवली. नाणं दुसऱ्या बाजूला गेलं. गाठी तिन्ही शाबूत. त्यांनी बटण दाबलं. कापडाच्या कडेखालून लाल उजेड डोकावला आणि संगणकातून ओळखीचा आवाज आला. यादीत आधी सुकाणू उगवलं, मग दांडी, मग पेडलं.

"सापडला का डिरायवर?" अकबरबींनी विचारलं.

"सापडला," लतीफ म्हणाला. "दोघं पण."

अकबरबींना आग्रह करून खुर्चीवर बसवलं. त्यांनी दोन्ही हातांनी लतीफचा हात धरला. नंदाबाईंनी तोंडाने दोनदा घंटी दिली, "टिंग टिंग," आणि कडूबांनी दांडी पुढे ढकलली. विमान संभाजीनगरच्या धावपट्टीवरून सुटलं, डोलत वर चढलं आणि जालन्याच्या दिशेने वळलं. खाली तपकिरी शेतांचे चौकोन होते.

"आष्टी कुठंय?"

"न्हाई दिसत, खाला. लई वर आलो आपण."

"बाजार तरी दिसायला पायजे होता," अकबरबी म्हणाल्या. हात अजून घट्टच होता, पण डोळे उघडे होते. वळताना विमान एका बाजूला कलंडलं तेव्हा खुर्चीवरच्या अकबरबी, उभा असलेला लतीफ आणि निवडायचं सूप हातात धरलेल्या नंदाबाई, तिघंही दुसऱ्या बाजूला कलले.

मग उतरायची वेळ आली. घाईत कडूबांनी वेग जरा जास्त ठेवला. चाकं टेकली, उडाली, पुन्हा टेकली, पुन्हा उडाली. विमान धावपट्टी सोडून गवतात गेलं आणि थांबलं. कडूबांनी कपाळ पुसलं आणि मागे पाहायचं धाडस त्यांना होईना.

"उतरलो का?" अकबरबींनी विचारलं.

"उतरलो."

"बस? इतकंच?"

"इतकंच."

त्यांनी लतीफचा हात सोडला आणि त्या इतक्या हसल्या की खुर्ची करकरली. "अरे, ह्याच्यापेक्षा तुझी परतूरची गाडी जास्त उडायची! तिच्यात मी डोक्यावर अंड्यांची पाटी घेऊन बसलेय!"

मग त्या खुर्चीवरून उतरून जमिनीवर बसल्या, टेबलाखाली हात घातला आणि तिन्ही गाठी स्वतः सोडल्या. मंजिल आली होती. नाणं त्यांनी कुणा गरजूला द्यायला नंदाबाईंच्या हातात ठेवलं. संध्याकाळी दारात गाडी लागली तेव्हा दुसरा इमाम जामिन नंदाबाईंनीच त्यांच्या दंडाला बांधला. लतीफ म्हणाला, बटण बघून बांधा.

दुसऱ्या दिवशी सकाळी कडूबांच्या मोबाइलवर अकबरबींचा आवाज आला. मागे घोषणा चालू होत्या, कुणाची तरी बॅग घासत चालली होती आणि लतीफ पट्टा बांधा, पट्टा बांधा, म्हणत होता.

"कडूबा, मी बसले. घंटी कुणी देत न्हाई इथं, नंदाला सांग. पण फिकर करू नको. पुढच्या खोलीचा दरवाजा उघडा होता, मी आत डोकावून आले." आवाज खाली आला. "डिरायवर सापडला."