घाटगे साहेबांची तलवार

आमची टँक रेजिमेंट तेव्हा राजस्थान सीमेवर होती. मी दफादार पाटील, गाव कसबा बावडा. स्क्वाड्रनमधले कॅप्टन संग्राम घाटगेही बावड्याचेच. त्यांचे आजोबा घोडदळात अधिकारी होते. आजोबांची तलवार साहेबांनी दसऱ्याच्या शस्त्रपूजेला युनिटमध्ये आणली होती. सरळ पातं, मुठीला माशाचं खरखरीत कातडं, हात झाकणारी पोलादी वाटी. पूजा झाली आणि तलवार ट्रंकेत गेली. आमचं काम सुरुंगांच्या पट्ट्यामागं टँक तयार ठेवण्याचं.

एका सकाळी वादळानं त्या पट्ट्याभोवतीची खुणेची तार वाळूखाली गेली. पाण्याची गाडी आणणारा आमचा जवान, सवार रामपाल सरळ पट्ट्यात शिरला. स्फोट झाला. गाडी उलटली. आत तो ओरडत होता.

घाटगे साहेब रेडिओवर आले. "सगळे जागेवर थांबा. मी आत जातोय. ओव्हर."

"साहेब, सुरुंग काढायला सॅपर निघालेत. ओव्हर," मी म्हणालो.

"पाटील, त्याचं रक्त तोवर थांबणार न्हाय. आऊट."

चाकांच्या खुणेवरून ते गेले. रामपालला खांद्यावर घेऊन परत फिरले. वाळू खचली, पाऊल खुणेबाहेर पडलं. दुसरा स्फोट.

सॅपरनी वाट काढून दोघांना बाहेर आणलं. साहेबांनी मला एवढंच विचारलं, "रामपाल?"

"जिवंत आहे, साहेब."

त्यांनी डोळे मिटले. संध्याकाळी हॉस्पिटलात रामपालही गेला.

तलवार मीच साहेबांच्या वडिलांकडं, आबांकडं पोचवली.

पेन्शनवर आल्यावर मी त्यांच्याकडं जायचो. एकदा राजारामपुरीतून जुनी हत्यारं जमवणारे एक गृहस्थ आले. पात्यावरची नक्षी उजेडात धरून त्यांनी विचारलं, "आबा, ही लढाईत वापरलीय का? तसं असलं तर मोल वाढतं."

"तलवार वापरली न्हाय," आबा म्हणाले. "माणसं वापरली."

पाहुणे चहा न घेताच गेले.

मग आबांनी पहिल्यांदाच त्या सकाळबद्दल विचारलं. मी सगळं सांगितलं.

"त्या रामपालच्या घरात कोण हाय?"

"वडील. हरियाणात असतात."

"मग जाऊन यायचं की."

गेलो. दोघे म्हातारे अंगणात बाजेवर शेजारी बसले. रामपालच्या वडिलांनी भिंतीवरचा फोटो काढून आबांच्या हातात दिला. आबांनी तो मांडीवर घेतला. मग मोडक्या हिंदीत म्हणाले, "हमारा संग्राम इसको लेके आ रहा था."