एकटी समजलेली चांदणी

पुष्पलता जव्हारच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची, तेही तासिका तत्त्वावर. म्हणजे दर जूनमध्ये नव्याने मुलाखत आणि दर मार्चमध्ये "बघू पुढच्या वर्षी". पीएचडी झाली की कायम व्हायची आशा होती. चाळिशी उलटली तरी तिने ती सोडली नव्हती. वावर गावाकडच्या पाड्यावरून निघून इथवर पोचलेल्या बाईला चिवटपणा काय कोणी शिकवायचा!

तिचा सगळा प्रबंध एका ताऱ्यावर उभा होता. मोठ्या दुर्बिणींनी टिपलेले त्याचे वर्णपट ती कॉम्प्युटरवर उलगडून बघे. ताऱ्यात लोखंड, कॅल्शियम असलं की प्रकाशाच्या पट्ट्यावर त्यांच्या काळ्या रेघा उमटतात. या ताऱ्याच्या रेघा फिकट, फैलावलेल्या. म्हणजे धातूंच्या बाबतीत अगदी कंगाल, जगावेगळ्या घडणीचा तारा. असे फार थोडे सापडतात. आईशी बोलताना ती त्याला 'माझी चांदणी' म्हणायची.

आई, लाडकी, धवलेरी होती. वारल्यांच्या लग्नात गाणी म्हणून लग्न लावणारी बाई. तिच्या गळ्याचं नाव पार मोखाड्यापर्यंत. जाड आणि पातळ, दोन्ही एकदम. असा गळा दुसरीचा नाही, असं म्हातारे सांगत. गाताना शेजारी डोक्याला डोकं लावून पाड्यावरचीच रुपी बसे. ती आपली नुसती साथीला, असं सगळेच धरून चालत. पुष्पलतासुद्धा.

गेल्या पावसाळ्यात रुपी तापाने गेली. पाड्यापर्यंत गाडी येत नाही. झोळीतून नेईपर्यंत उशीर झाला. उन्हाळ्यात वांगणीच्या एका लग्नात लाडकी एकटीच गायला बसली आणि गळा साधा निघाला. जाड, बरा, चारचौघींसारखा.

"लाडकीचा गला बसला," बायका कुजबुजल्या.

पुष्पलताच्या कानांना मात्र गळ्याचं काही बिघडलेलं जाणवेना. तो होताच एवढा. पातळ सूर रुपीचा होता, आणि त्या बाईला जन्मात कोणी त्याचं श्रेय दिलं नव्हतं. आईकडे बघवेना म्हणून ती मांडवाबाहेर आली, आणि तिथे तिला आपली चांदणी आठवली. वर्णपट अंधूक होते म्हणून निरनिराळ्या वेळचे सगळे तिने एकात एक मिसळले होते. तसं केल्याने चित्र स्वच्छ दिसतं. पण तिथेही दोघी असतील तर?

जव्हारला परतल्यावर तिने ते वर्णपट सुटे केले. एकेक रेघ खरोखर दोन रेघांची निघाली, कधी जवळजवळ, कधी लांब. एकमेकींभोवती फिरणाऱ्या दोन चांदण्या. एकीच्या उजेडात दुसरीच्या रेघा फिक्या पडत होत्या, इतकंच. धातू दोघींत भरपूर. जगावेगळं काही नव्हतंच.

तिने मार्गदर्शक सरांना फोन केला. माणूस वाईट नव्हता.

"तोंडी परीक्षेची तारीख लागलीय," सर म्हणाले. "परीक्षकांच्या लक्षात येईलच असं नाही."

तिला मोह झाला. का होऊ नये? पण ज्या वर्गात खरं शिकवायचं, तिथे खोट्याच्या जोरावर कायम व्हायला तिचं मन धजेना. तिने प्रबंध मागे घेतला. जूनमध्ये पीएचडी झालेला एक जण कॉलेजात कायम झाला आणि तिचे तास गेले.

ती पाड्यावर आली तेव्हा लाडकी ओट्यावर नागली पाखडत होती.

"काय झाला गं?"

पुष्पलताचा बांध फुटला. चांदणी एकटी नव्हती, दोन होत्या, आपणच एक समजलो, इतक्या वर्षांचं सगळं मातीत गेलं, असं ती रडत रडत सांगत राहिली.

लाडकीचं सूप थांबलं. "दोन हात त्या?"

"हो, दोन आहेत."

"आजून हात? दोनीबी?"

"हो, आई. अजून आहेत, दोघीही."

"दोनीबी हात, आन तू रडतस?" लाडकी म्हणाली, आणि तिने तोंड फिरवलं.