बुधवाऱ्यातली शाळा आणि माझा अंदाज

“म्हणजे मॅडम, लगेच कुलूप लावायची पाळी नाही ना?” वाणी सरांनी पुन्हा विचारलं.

“नाही. पण नवीन वर्ग बांधू नका. आहे तेच छत दुरुस्त करून घ्या.”

वाणी सर संस्थेचे सचिव. बुरहानपूरच्या बुधवाऱ्यात, जुन्या बाजारवस्तीत, त्यांची मराठी माध्यमाची प्राथमिक शाळा होती. लोकसंख्येचे अंदाज बांधणं हे माझं काम. नोकरी भोपाळला, माहेर बुरहानपूरच्याच लालबागचं, म्हणून त्यांनी मला गाठलं होतं. प्रश्न सरळ होता. पुढची दहा वर्षं शाळेला मुलं मिळतील का?

अशा कामाला आम्ही कोहॉर्ट पद्धत वापरतो. नाव जड, काम साधं. एकाच वर्षी जन्मलेल्या मुलांची एक तुकडी धरायची आणि तिला वर्षावर्षाने पुढे सरकवायचं. आज दोन वर्षांचं असलेलं मूल चार वर्षांनी पहिलीत येणार. मधल्या काळात कोणी नवीन राहायला आलं तर मिळवायचं, कोणी सोडून गेलं तर वजा करायचं. लहान वस्तीत ही वजाबाकीच जास्त त्रास देते.

जनगणना जुनी झाली होती. म्हणून मी मुख्याध्यापिका महाजन बाईंबरोबर घरोघर फिरले. बाई याच शाळेत शिकलेल्या, नंतर इथेच शिक्षिका झालेल्या. खालच्या मजल्यांवर दुकानांची गोडाऊनं झाली होती. तरुण जोडपी बाहेरच्या कॉलन्यांमध्ये प्लॉट घेऊन गेली होती. उरलेल्या घरांत एखादंच मूल, आणि त्याला न्यायला इंग्लिश मीडियमची व्हॅन. बाई प्रत्येक दारात थांबून विचारायच्या, “धाकटीला आमच्याकडे घालणार ना?” लोक हो म्हणायचे. मी ते हो हिशेबात धरलं नाही.

या मॉडेलमधून आलेखावर तीन रेघा निघाल्या. चांगल्या परिस्थितीची, वाईट परिस्थितीची आणि मधली. मधली रेघ हळूहळू खाली येत होती, पण दहा वर्षं शाळा चालेल एवढी मुलं त्यात होती. मला तर ती चांगली बातमी वाटली.

वाणी सरांना हे पालकसभेत सांगायचं होतं. “लोक नाही नाही ते बोलतात. एकदा खरं कळू द्या.”

महाजन बाई म्हणाल्या, “लोकांना आकडे नका दाखवू, सर. दहा वर्षं चालेल, एवढं सांगा ना.”

वाणी सरांनी माझ्याकडे पाहिलं. लपवण्यासारखं त्यात काही नाही, असं मी म्हणाले. आजही मला ते खोटं वाटत नाही.

सभा झाली. भिंतीवर आलेख लावला. मी तिन्ही रेघा समजावल्या. पुढे सविता बसली होती. तिचा नवरा पॉवरलूमवर कामाला, मुलगी दुसरीत. तिने विचारलं, “मॅडम, ही रेघ खाली चालली. मतलब शाळा बंद होणार?”

“नाही. लहान होईल, पण चालेल. तुमच्या मुलीची पाचवी इथेच होईल.”

“पक्कं?”

“पक्कं.”

तिने मान हलवली. मग शेजारच्या बाईकडे पाहिलं. त्या बाईने मागच्या बाईकडे. मी पुढच्या प्रश्नाकडे वळले.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा वर्ग अर्धे रिकामे होते. दाखले काढून नेणाऱ्यांमध्ये सविताही होती. मी बुरहानपूरला आले तेव्हा ती बाजारात भेटली. मी विषय काढायच्या आधी तीच बोलली.

“तुमच्यावर भरोसा होता, मॅडम. पण बाकीचे थांबणार का नाही, हे कोण सांगणार? सगळे गेले असते तर माझी पोर वर्गात अकेली बसली असती.”

तिचं काही चुकलं नव्हतं. बाकीच्या घरांतही हेच बोलणं झालं असणार. शाळा बंद पडेल म्हणून कोणी गेलं नाही. दुसरे जातील म्हणून प्रत्येक जण गेला. पुढच्या वर्षी नवीन मुलं आलीच नाहीत. उरलेल्यांना संस्थेने दुसऱ्या शाळेत पाठवलं आणि ही बंद केली. दुरुस्त केलेल्या छताखाली आता एका व्यापाऱ्याचा माल असतो.

महाजन बाईंना भेटायला त्यांच्या घरी गेले. दुसऱ्या शाळेत न जाता त्यांनी नोकरी सोडली होती. चहा झाला. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

“एक विचारू?” त्या म्हणाल्या. “सभा झाली नसती तर चालली असती ना हो, दहा वर्षं?”

“चालली असती असं मला वाटतं, बाई. पण ते आता सिद्ध करता येत नाही.”

“सिद्ध कशाला करायचं,” त्या म्हणाल्या आणि कप उचलून आत गेल्या.

मी ते मॉडेल नंतर पुन्हा तपासलं. जन्म बरोबर होते, घरं सोडून जाणारे बरोबर होते. अंदाज चुकला तो अंदाजामुळेच. आम्ही माणसं मोजतो, तेव्हा ती गप्प बसून मोजली जातील असं गृहीत धरतो. आता कोणतंही काम घेताना मी आधी विचारते, हा आलेख कोणाला दाखवणार आहात? बहुतेकांना तो प्रश्न कामाचा वाटत नाही.