‘नाही’च्या पुढे शून्य

१२ फेब्रुवारी २००६, रविवार. माझ्याजवळ आठशे युरो, तिकीट आणि बावीस किलो सामान. कराडच्या स्टँडवर पोचवायला आलेले तिघे: वडील, थोरले भाऊ अण्णा आणि धाकटी बहीण शालन. आई आली नव्हती. तिचे पाय दुखतात असं वडिलांनी सांगितलं आणि मी ते मानलं.

तेव्हा मी चौतीस वर्षांचा होतो. मिरजेजवळच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळत होतो आणि शनिवारी मलकापूरला घरी येत होतो. इटलीतल्या एका यंत्रांच्या कारखान्यात तसंच काम मिळालं, तेव्हा वडिलांनी सगळ्यांना सोप्यात बसवून विचारलं, “कुणाचं काय म्हणणं हाय?” कुणी बोललं नाही. “मग ठरलं,” ते म्हणाले. आमच्याकडे सगळं असंच ठरायचं. वडील गावच्या सोसायटीचे सचिव होते. सभेचं इतिवृत्त ते सभेच्या आधीच लिहून ठेवत आणि प्रत्येक ठरावाखाली ‘एकमताने मंजूर’ असं वळणदार अक्षरात घालत. शाळेत असताना त्याची नक्कल मी करून द्यायचो. त्यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलं नाही.

आता इथे एकोणीस वर्षं झाली. व्हेनिसपासून तासाभरावरचं गाव, बारा हजार वस्ती. बायको सुनंदा आणि दोन मुलं. मुलं आपसात इटालियन बोलतात, आमच्याशी मराठी, आणि भांडताना दोन्ही. तुमच्यापैकी जे असेच बाहेर पडलात त्यांना हे सांगायला नको. जे मागे राहिलात त्यांच्यासाठी मात्र नावं-गावं बदलून पुढचं लिहितो आहे, कारण माझ्याबद्दल घरात जे बोललं जातं ते अर्धंच खरं आहे.

कोमूने म्हणजे इथली नगरपालिका. तिथे टोकन घेऊन बसायच्या बाकाच्या वर भिंतीत एक संगमरवरी पाटी आहे. १८६६च्या ऑक्टोबरात या मुलखातल्या लोकांनी इटलीच्या राज्यात सामील व्हायचं की नाही यावर मत दिलं, त्याचा गावापुरता निकाल तिच्यावर कोरलेला आहे. ‘होय’च्या पुढे चार आकडी संख्या. ‘नाही’च्या पुढे शून्य. त्या पाटीखाली मी कितीतरी वेळा बसलो असेन. गेल्या वर्षी मार्चमध्ये मुलाच्या ओळखपत्रासाठी पाऊण तास थांबावं लागलं, तेव्हा ते शून्य पहिल्यांदा डोळ्यांत खुपलं. स्टोअरमध्ये वर्षअखेरीला हजारो नग मोजताना फरक शून्य आला, की मी पुन्हा मोजायला लावतो. शून्य फरक म्हणजे कुणीतरी मोजलेलंच नाही.

खालच्या मजल्यावरच्या ब्रुनोला विचारलं. तो निवृत्त सुतार, वय ऐंशीच्या पुढे. बाल्कनीत इटलीचा तिरंगा लावत नाही, व्हेनिसच्या जुन्या राज्याचा सिंहाचा झेंडा लावतो. तो म्हणाला, पणजोबा त्या दिवशी गेले होते. टेबल एक, डबे दोन, एक होयचा आणि एक नाहीचा. मागे गावातले बडे लोक बसलेले, दारात शिपाई. मग माझ्याकडे बघून हसला: “तू कुठल्या डब्याकडे हात नेला असतास?”

ब्रुनोवरही माझा विश्वास नव्हता. रोमला भराव्या लागणाऱ्या करांचा राग तो मिळेल त्याच्यावर काढतो. म्हणून वाचनालयातून पुस्तक आणलं आणि शब्दकोश घेऊन महिनाभर वाचलं. तेव्हा एकीकरणाच्या मतदानात बऱ्याच ठिकाणी डबे खरोखरच उघड्यावर, वेगवेगळे होते. पण तेवढंच नव्हतं. इटली त्याआधी सात-आठ तुकड्यांत विभागलेली होती, इथे तर परक्या ऑस्ट्रियाचं राज्य. हे तुकडे एक व्हावेत म्हणून दोन पिढ्या झगडल्या. तरुण पोरं तुरुंगात गेली, फासावर गेली, अंगावर स्वयंसेवकांचा लाल सदरा घालून लढायला गेली. बहुतेकांना एक व्हायचं होतं, यात मला शंका नाही. होय खोटं नव्हतं. शून्य खोटं होतं.

हे मी ब्रुनोला सांगितलं. त्याने विचारलं, तुमच्याकडे काय झालं? मी सांगितलं, सांगली, मिरज ही आमच्या शेजारची संस्थानं, तीही स्वातंत्र्यानंतर विलीन झाली आणि लोक खूश होते. “तुला कुणी सांगितलं?” तो म्हणाला. वडिलांनी, मी म्हणालो.

मे महिन्यात अण्णांनी टपालाने कागद पाठवले. वडिलांना जाऊन सहा वर्षं झाली होती. घर पाडून बिल्डरला द्यायचं, बदल्यात तीन फ्लॅट: अण्णांना दोन, मला एक. ‘आई व शालन अण्णांकडे राहतील.’ खाली आई, अण्णा, शालन अशा तिघांच्या सह्या आणि वर ‘सर्वांनी एकमताने’. मी मिलानच्या भारतीय वाणिज्य दूतावासात जाऊन मुखत्यारपत्र करून पाठवायचं, एवढंच राहिलं होतं.

खरं सांगतो, माझं मत होयच होतं. माझ्या फ्लॅटला भाडं किती येईल याचा हिशोब मी त्याच रात्री मांडला होता. पण नवरा वारल्यावर शालन मिरजेहून परत आली तेव्हापासून, अकरा वर्षं, मागच्या दोन खोल्यांत राहते. रस्त्याकडच्या खोलीत तिची शिवणयंत्रं आहेत, दारावर तिच्या नावाचा बोर्ड आहे. त्या कागदात तिच्या नावावर एक वीटही नव्हती आणि तरी सही होती.

अण्णा कामावर असतील अशा वेळी तिला फोन केला. आधी म्हणाली, बरं आहे की. मी म्हटलं, तू एकटीच आहेस ना? मग शिवणयंत्राचा आवाज थांबला.

“दादा, समदी बसली हुती. बिल्डरचा मानूसबी हुता. अण्णानं पेन हातात दिला. तवा न्हाई कसं म्हनू?”

आईला ती देवळात गेली असताना फोन केला. तिचंही नाहीच होतं. बोलता बोलता ती म्हणाली, “तू गेलास त्या दिवशी माझं पाय दुखत नव्हतं रं. तुला पाठवू नये असं माझं म्हणणं हुतं. पर इचारलं समद्यांदेखत.” एकोणीस वर्षं हे तिच्याजवळ होतं.

शेवटी वहिनींना विचारलं. त्यांची सही कागदाला लागतही नव्हती. “मला कवा कोण इचारतंय,” त्या म्हणाल्या, “पर मला न्हाई जायचं चौथ्या मजल्यावर. गुडघं लय दुखत्यात.” आणि लगेच, “ह्यांना सांगू नका हां, भाऊजी.”

सुनंदा म्हणाली, निवडणूक अधिकारी झालात की. मी कागदावर मांडलं: होय दोन, अण्णा आणि मी, नाही तीन. पण हा निकाल मला कुठे लावता येत नव्हता. नावं फुटली असती तर त्या तिघींना अण्णांसमोर उभं राहावं लागलं असतं. मग नाही एकट्यानेच म्हणायचं ठरवलं. अण्णांना फोन करून सांगितलं, माझी सही मिळणार नाही.

“का?”

“मला द्यायची नाही.”

“तिकडं बसून न्हाई म्हनायला तुझं काय जातंय? हितं बिल्डरला तोंड मी दाखवायचं, व्हय रं?” मग म्हणाले, “शालनला काय कळतंय, आईला काय कळतंय. तुला तरी कळाय पायजे हुतं.” ते असं म्हणाले तेव्हा वाटलं, दोघींचं नाही त्यांना आधीपासून माहीत होतं. अजूनही तसं वाटतं. खात्री नाही.

तेव्हापासून अण्णा माझ्याशी बोलत नाहीत. भावकीत झालं ते असं: एक भाऊ परदेशी जाऊन शेफारला, घराचं भलं त्याने अडवलं. शालन सगळ्यांदेखत गप्प असते. ते मला चालतं. तिचा बोर्ड आहे तिथेच आहे.

मलकापूर म्हणजे माझं घर, असं मी इथल्या लोकांना एकोणीस वर्षं सांगत आलो. आता सांगताना थबकतो. त्या घरात काय ठरलं ते मला माहीत होतं, कोण गप्प बसलं ते माहीत नव्हतं. आता चौघांचं म्हणणं मला ठाऊक आहे. त्यांच्यापैकी एक माझ्याशी बोलत नाही, पण घर मला पूर्वीपेक्षा जास्त ओळखीचं वाटतं.

बिल्डरकडून अण्णांनी तीन लाख उचल घेतली होती. त्यातली निम्मी, दीड लाख, मी न सांगता त्यांच्या खात्यावर पाठवली. नोव्हेंबरच्या नऊ तारखेला अण्णांनी पूर्ण तीन लाख बिल्डरला परत केले आणि पावतीचा फोटो मला पाठवला, सोबत एक शब्दही नाही. देणाऱ्याच्या रकान्यात बिल्डरच्या माणसाने एकट्या अण्णांचं नाव लिहिलं होतं. त्याच्यापुढे अण्णांनी आपल्या हाताने माझं नाव घातलं आहे.