हिच्याबरोबरचे दोन

वहिनीची तपासणी आत चालू होती आणि मी टेस्ट ट्यूब बेबीच्या त्या दवाखान्यात बाहेर बसलो होतो. समोर एक जोडपं होतं आणि शेजारी पाढे लिहीत बसलेली त्यांची मुलगी. नर्स त्यांना फॉर्म समजावत होती. त्यांचे गोठवून ठेवलेले दोन भ्रूण उरले होते आणि मुदत संपत आली होती.

"संशोधनाला द्यायचे तर दोघांचीही सही लागते ताई, कायदाच आहे तसा."

"हिच्याबरोबरचेच ना ते?" बाईने मुलीकडे बघत विचारलं.

"हो."

"काय करतील त्यांचं?"

"त्यातल्या पेशी वाढवून बघतात. पुढे कुणाला उपयोग होईलही. अजून प्रयोगच चाललेत."

टाचणीच्या टोकाएवढा ठिपका. त्यातल्या पेशीने अजून काहीच ठरवलेलं नसतं. ती डोळा होईल, नख होईल, नाहीतर मेंदूतला एखादा धागा. माझ्या वडिलांच्या हाताला कंप आहे. त्यांचा कप बशीवर किणकिणतो तो घरभर ऐकू येतो. अशाच एखाद्या पेशीने त्यांचा कंप थांबेल आणि एक दिवस तो कप शांत होईल, असं तिथे पंख्याखाली बसून मला वाटत राहिलं, आणि तसं वाटल्याची थोडी लाजही वाटली. त्या ठिपक्याला काय म्हणावं हे कायद्यालाही सुचलं नसावं, म्हणून तो आईबापांची सही मागतो.

नवऱ्याने सही केली. मग बाईने केली, आणि कागद उचलून त्यावर हळूच फुंकर घातली, खरचटलेल्या गुडघ्यावर घालतात तशी.

सही बॉलपेनची होती. तिच्यात वाळण्यासारखं काही नव्हतं.