माणूस बघताक्षणी कळतो!

आमच्या बोळात रिकामे डबे आणि किस्से, दोन्ही कुणाला टाकवत नाहीत. त्यातले निम्मे किस्से माझ्यामुळंच. नवीन माणूस बोळात शिरला की मी कट्ट्यावरनं एकदाच बघते आणि हा कसा आहे ते सांगून टाकते. शेजारची शोभा म्हणते, "आक्का, तुम्ही सांगितलं की आम्ही उलटं धरतो!"

* * *

समोर भाडेकरू आला. मिशा अशा, की वर लिंबू ठेवावं! मी जाहीर केलं, "पैलवान हाय. पोरांनो, त्याच्या दारात बॉल टाकू नका." सगळा बोळ चिडीचूप. एका दुपारी पैलवान माझ्याच दारात! लाजत म्हणाला, "आक्का, साडीला फॉल-पिको करायचं असलं तर सांगा. मॅचिंग दोरा हाय माझ्याकडं."

* * *

कोपऱ्यावर नव्या बाई आल्या. मी रोज सकाळी बोलायला जायची, बाई नुसतं "हूं". मी शिक्का मारला, गर्विष्ठ! एकदा तिनं हातानं मला थांबवलं, मोरीत जाऊन चूळ भरली आणि म्हणाली, "आक्का, तुम्ही रोज मशेरीच्या टायमालाच येताय की!"

* * *

चष्मा, इस्त्रीचा शर्ट, हातात काळी बॅग. "डॉक्टर आलाय गं!" मी हाळी दिली. बायका गोळा झाल्या, जिभा काढून उभ्या! गड्यानं सगळ्या जिभा शांतपणे बघितल्या. "जिभा एक नंबर हायत. आता कुकरच्या शिट्ट्या दावा. रिपेरीवाला हाय मी."

* * *

शोभाच्या लेकीला, सुनीताला, दोन स्थळांनी नकार दिलेला. शोभाला घास जाईना. मुरगूडचं स्थळ येणार म्हटल्यावर मला हात जोडून म्हणाली, "आक्का, ह्या खेपेला तरी..."

"तू आत बघ. दारात मी हाय!"

पसंती झाली तर पाहुणे जेवूनच जाणार, म्हणून मटणाला आचारी सांगितलेला. मुलाचा फोटो पासपोर्टचा. त्यात सगळेच चोरासारखे दिसतात!

आधी सफारीवाला आला. बूट चकाचक. "या पावणं!" थेट सोफ्यावर बसवला. मागनं एक धुळीनं माखलेला आला. हा आचाऱ्याचा माणूस! तो तोंड उघडायच्या आत मी त्याला घरामागच्या परड्यात बसवला आणि पुढ्यात लसणाची पाटी ठेवली. बिचारा सोलायला लागला.

सुनीतानं पोहे नेले. सफारीवाल्यानं बशी चाटूनपुसून संपवली आणि म्हणाला, "मोहरी करपलीया."

सुनीता तरातरा परड्यात आली, रडायलाच लागली. "मला न्हाय करायचं ह्याच्याशी लगीन!"

लसूणवाला हळूच म्हणाला, "लसणाला कोण रडतं व्हय? त्याला कांदा घ्या की." सुनीता खुदकन हसली आणि त्याच्यासमोर सोलायला बसली.

तेवढ्यात मुरगूडची मंडळी पोचली. मुलाची आई सोफ्याकडं बघतच राहिली. "आमचा पोरगा गाडीवरनं पुढं आलाय. ह्यो कोण?"

सफारीवाला बशी ठेवून उठला. "पोरगी झकास हाय, पण आधी भट्टी कुठं लावायची ते दावा!"

शोभानं माझ्याकडं बघितलं. मी पंख्याकडं बघितलं.

आणि परड्यातनं आवाज आला, "आई, मला लसूणवाला पसंत हाय!"