काकाचा कामाचा शर्ट

काकाला हात लावला की शॉक बसतो, अशी लहानपणी आमची ठाम समजूत होती. ती काकानेच पसरवली होती. जुन्या बॅटऱ्या फोडायच्या, आतलं शिसं वितळवून त्याच्या प्लेटा ओतायच्या, हे त्याचं काम. दुकान खाली, बिऱ्हाड वर, मध्ये चौदा पायऱ्या.

लग्नानंतर अकरा वर्षांनी काका-काकूला मुलगी झाली. एवढीशी, म्हणून सगळे तिला मुंगी म्हणायचे. तिला झोपवायची काकाची युक्ती साधी होती. दुकानातून वर आला की अंगातला शर्ट काढायचा आणि तिच्याभोवती गुंडाळायचा. बापाचा वास आला की पोर गप्प.

"पेटंट घे," मी म्हणायचो.

"तुझं लग्न तर ठरू दे, तुला फुकट देतो."

दीड वर्षाची असताना मुंगी 'बाबा' म्हणायची. तिसरं लागलं तसं तेही थांबलं. जेवेना, पोट धरून रडत बसे. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि पहिला प्रश्न केला, "वडील काय करतात?"

रक्तात शिसं होतं. काकूने शर्टाचं सांगितलं, तेव्हा बाई म्हणाल्या, "शर्टावर शिशाची धूळ असते, ती आधी लांब करा. बोलणं परत येईल का, आज नाही सांगता येणार."

काकू मुंगीला घेऊन माहेरी गेली. काकाने भट्टी मोडली, दुकान बंद केलं, कुणाच्या तरी गोदामात हिशोबनीस झाला. ओल्या फडक्याने घर पुसपुसून फरशी गुळगुळीत केली. पलंगावर अजूनही एका कडेलाच झोपायचा. कसा आहेस विचारलं की म्हणायचा, "डिस्चार्ज." आणि स्वतःच हसायचा.

चार महिन्यांनी काकूचा निरोप आला, भेटायला या. काका दोनदा आंघोळ करून, कोरा शर्ट घालून निघाला, सोबत मी.

"नवरदेव, हार विसरलात," मी म्हटलं.

"गप रे."

काकूच्या माहेरी पोचल्यावर दारातच तो गुडघ्यांवर बसला. मुंगी जवळ आली. तिने शर्टात नाक खुपसलं, दोनदा हुंगलं. मग त्याला बाजूला सारून ती उंबऱ्यापाशी गेली, रिकाम्या रस्त्याकडे बघून म्हणाली, "बाबा?"

"अगं बाई, बोलली!" काकू आतून धावत आली.

"बोलली की," काका म्हणाला. तो तसाच गुडघ्यांवर, दाराकडे पाठ करून.

मुंगी उंबऱ्यावर उभी राहिली, अजून कुणीतरी यायचं असल्यासारखी.